आरंभशूरांची मोजदाद

प्राध्यापकाच्या बढतीचा अर्ज कुठल्याही देशातला घ्या, रकाने साधारण तेच असतात. पेपर किती, कुठल्या जर्नलमध्ये, सायटेशन (म्हणजे इतरांनी त्या पेपरांचे केलेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती, किती रकमेचे प्रकल्प आणले, किती विद्यार्थ्यांची पीएच.डी. पूर्ण करून घेतली. अलीकडे 'समाजावरील परिणाम' असाही एक रकाना आला आहे. तिथे बहुतेक जण आपल्या मुलाखती आणि व्याख्यानांची यादी चिकटवतात. एक प्रश्न मात्र मला अजून कुठल्याच अर्जात दिसलेला नाही: दहा वर्षांपूर्वी तुम्ही जे म्हणाला होतात, त्याचं पुढे काय झालं?

शुद्ध गणित करणाऱ्याला हा प्रश्न विचारायची गरज नाही. सिद्धता बरोबर असेल तर ती शंभर वर्षांनीही बरोबरच. पण शाश्वत ऊर्जेकडे जग कसं वळेल याचा अभ्यास करणारा अभियांत्रिकीचा प्राध्यापक सतत उद्याबद्दल बोलत असतो. अमुक साली ग्रिड असं असेल, बॅटरी इतकी स्वस्त होईल, ही चूल त्या घरात पोचेल. त्याच्या वाक्यांवर धोरणं बेततात, आणि त्या धोरणांतून चाळीस-चाळीस वर्षं चालणारी वीजकेंद्रं उभी राहतात किंवा राहत नाहीत. पण त्याच्या कारकिर्दीचा हिशेब होतो तो वाक्य उच्चारल्याक्षणी. ते खरं ठरलं की खोटं, हे कळण्याआधीच बढती झालेली असते, पुरस्कार मिळालेला असतो आणि गडी पुढच्या विषयाकडे वळलेला असतो. जोरात सुरुवात करून मध्येच सोडून देणाऱ्याला मराठीत आरंभशूर म्हणतात आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. विद्यापीठं मात्र नेमकी त्यांचीच मोजदाद करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की या क्षेत्रातला प्राध्यापक किती नव्या गोष्टी सुरू करतो, यापेक्षा तो आपल्या जुन्या गोष्टींकडे किती वेळा परत जातो, हे आधी पाहावं.

एच-इंडेक्सचंच घ्या. २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. तुमच्या २० पेपरांना प्रत्येकी निदान २० सायटेशन असतील, तर तुमचा एच-इंडेक्स २०. कल्पना सुटसुटीत आहे आणि तिचा हेतूही वाईट नव्हता. पण या आकड्याला एक मजेशीर खोड आहे: तो कधी खाली येत नाही. वीस वर्षांपूर्वीचं भाकीत साफ चुकलं, तरी त्या पेपराचं वजन घटत नाही. उलट 'हे भाकीत का चुकलं' असं लिहिणारा प्रत्येक जण त्या पेपराचा उल्लेख करतो आणि तोही सायटेशन म्हणूनच मोजला जातो. चूक जितकी ठळक, तितका फायदा. ज्या मापाला चूक दिसतच नाही, ते भविष्याबद्दल बोलणाऱ्या माणसाला लावणं म्हणजे वजनकाट्याने ताप मोजणं.

शिवाय काळाचं गणित. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं, प्रकल्पाचा निधी तीन ते पाच वर्षांचा, कायम होण्यासाठी साधारण सहा-सात वर्षांची मुदत. ऊर्जेचं चाक मात्र याच्या कितीतरी पट सावकाश फिरतं. व्यवहारात वापरता येईल असा पहिला सिलिकॉन सौर सेल बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. जगात बसवलेल्या सौर पॅनेलांची क्षमता १ टेरावॉटवर, म्हणजे १० लाख मेगावॉटवर, पोचायला २०२२ साल उजाडलं. त्यापुढचं १ टेरावॉट दोन-अडीच वर्षांत झालं. म्हणजे जवळपास अडुसष्ट वर्षं खडखडत चाललेली गाडी एकदम सुसाट निघाली. त्या अडुसष्ट वर्षांमध्ये काम करत राहिलेल्यांच्या बायोडेटात तीन-तीन वर्षांच्या हिशेबाने काय दिसलं असेल? बहुतेकदा फारसं काही नाही.

मार्टिन ग्रीन यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात त्यांनी १९७४ साली सौर सेलचं काम सुरू केलं. सिलिकॉन महाग, जाडजूड, त्याचे दिवस भरले, उद्याचं जग पातळ थरांच्या सेलचं, असं तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं अनेक जाणकार म्हणत होते. ग्रीन सिलिकॉनलाच चिकटून राहिले. सेलच्या मागच्या बाजूला विशिष्ट थर द्यायचा, म्हणजे तिथे वाया जाणारे इलेक्ट्रॉन वाचतील आणि पार निघून जाऊ पाहणारा प्रकाश उलट आत फेकला जाईल, ही 'पर्क' सेलची कल्पना १९८३ची. त्यांच्या गटाने ती करून दाखवली १९८९ साली. कारखान्यांनी ती मोठ्या प्रमाणावर उचलली ती थेट २०१०नंतर, आणि त्या दशकाच्या अखेरीस जगात बनणारे बहुसंख्य सेल त्याच पद्धतीचे होते. पर्कसाठीचे मोठे आंतरराष्ट्रीय पुरस्कार २०२२ आणि २०२३ साली आले. कल्पनेपासून चाळीस वर्षांनी! त्याच सुमारास टॉपकॉन नावाच्या पुढच्या पद्धतीने पर्कला मागे टाकायला सुरुवातही केली होती.

या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग कुठल्याही निर्देशांकात बसत नाही. ग्रीन यांच्याकडे पीएच.डी. केलेले शी झेंगरोंग चीनला परतले आणि २००१ साली त्यांनी सनटेक ही कंपनी काढली. पुढे २०१३ साली तिचं मुख्य युनिट दिवाळखोरीत गेलं. पण तोवर त्या देशात सौर पॅनेल बनवण्याचं ज्ञान असलेली माणसं आणि कारखान्यांची साखळी तयार झाली होती. १९७६च्या सुमारास १ वॉट क्षमतेच्या पॅनेलला आजच्या हिशेबाने शंभरएक डॉलर पडत, ते आता १ डॉलरच्याही बरेच खाली आले आहेत. या घसरणीत प्रयोगशाळेचा वाटा किती, कारखान्यांचा किती आणि सरकारी धोरणांचा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू देत. एका प्राध्यापकाने हात धरून शिकवलेले विद्यार्थी त्या प्रत्येक टप्प्यावर हजर होते, हे कुणी नाकारत नाही.

शिकवण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे, डेन्मार्कमधल्या आस्कोव गावात जाऊ. पॉल ला कूर तिथल्या लोकशाळेत शिकवत. १८९१ साली त्यांनी तिथे वाऱ्यापासून वीज करणारी प्रायोगिक चक्की उभारली. वारा पडला की वीज बंद, मग ती साठवायची कशी? त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे लावले. (कधीमधी स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही उडाल्या. आज हरित हायड्रोजन म्हणजे कालपरवाची कल्पना असल्यासारखे पेपर येतात तेव्हा मला त्या काचा आठवतात.) पण ला कूर यांचं खरं काम वेगळंच होतं. खेड्यांत वीज नेणारे तंत्रज्ञ तयार करायला त्यांनी अभ्यासवर्ग सुरू केले. १९०४ साली त्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता, योहानेस यूल. १९०८ साली ला कूर गेले. यूल वीज कंपनीत नोकरी करत राहिला आणि साठीला टेकल्यावर पुन्हा वाऱ्याकडे वळला. १९५७ साली गेडसर इथे त्याची तीन पात्यांची, २०० किलोवॉटची पवनचक्की उभी राहिली. त्याचं वय तेव्हा सत्तर! ती दहा वर्षं फारशी डागडुजी न करता चालली आणि तेल स्वस्त झाल्यामुळे १९६७ साली बंद पडली.

तेलसंकटानंतर, १९७०च्या दशकात, अमेरिकेच्या नासाला अशा यंत्राची मोजमापं हवी होती, म्हणून तीच चक्की दुरुस्त करून पुन्हा फिरवण्यात आली. त्याच सुमारास क्रिस्टियान रीसेअर नावाचा एक सुतार गेडसरचा आराखडा समोर ठेवून आपल्या अंगणात छोटी चक्की बांधत होता. डॅनिश पवनऊर्जा उद्योगाची सुरुवात अशा कारागिरांपासून झाली. १९७८ साली रीसो इथे, म्हणजे मुळात अणुसंशोधनासाठी काढलेल्या केंद्रात, पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र सुरू झालं. तिथल्या अभियंत्यांचं मुख्य काम नवं काही शोधण्याचं नव्हतं. इतरांनी बांधलेल्या चक्क्या तपासायच्या, काय मोडतं ते पाहायचं, बांधणाऱ्याला सांगायचं आणि सुधारून आणली की पुन्हा तपासायचं. पेपरांच्या भाषेत कंटाळवाणं काम.

याच काळात पश्चिम जर्मनीने ग्रोव्हियान नावाची महाकाय पवनचक्की उभारली. ३ मेगावॉट, पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मीटर, १९८३ साली सुरू. कागदावर ती गेडसरच्या पंधरापट होती. तडे जाऊ लागले, बहुतेक काळ ती नुसती उभीच राहिली, आणि १९८७ साली प्रयोग संपवला गेला. तिच्यापासून काहीच शिकायला मिळालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्या दोन चक्क्यांमागचे बायोडेटा एखाद्या निवड समितीसमोर ठेवले असते तर कुणाची निवड झाली असती, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि ला कूर? गेडसर हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस मानायचा तर तो त्यांच्या मृत्यूनंतर एकोणपन्नास वर्षांनी आला.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे यशस्वी झालेले लोक आहेत, यश मिळाल्यावर चिकाटी शोभूनच दिसते. मान्य. म्हणून आता फसलेल्या प्रयोगाकडे येऊ. माझ्या मते या क्षेत्रातल्या कारकिर्दीचा सगळ्यात चांगला धडा तिथे आहे.

अमूल्य रेड्डी हे विद्युतरसायनशास्त्रातलं मोठं नाव. या विषयाचं जगभर वापरलं गेलेलं एक पाठ्यपुस्तक त्यांनी दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर लिहिलं, ते १९७० साली आलं. त्याच वाटेने पुढे गेले असते तर निर्देशांक उत्तम राहिला असता. पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'अस्त्र' हा गट सुरू केला आणि ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान हा विषय धरला. ते कर्नाटकातल्या पुरा नावाच्या गावात गेले आणि आधी नुसतं मोजत बसले: कोण किती सरपण आणतं, किती वेळ चालतं, पाणी कुठून येतं. गावाच्या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा सरपणाचा निघाला, आणि त्यामागचे कष्ट मुख्यत: बायका-मुलांचे. विजेचा वाटा नगण्य. ज्या आकडेवारीवर देशाचं ऊर्जानियोजन चाले, तिच्यात हे सरपण आणि हे श्रम जवळपास नव्हतेच.

मग गावासाठी सामुदायिक गोबर गॅस संयंत्र उभारलं. गॅस सगळ्यांच्या चुलीवर पोचवायचा, असा बेत. तो फसला. जनावरं कमी, शेण कमी, त्यामुळे गॅस सगळ्यांच्या स्वयंपाकाला पुरेना, आणि अर्ध्यावर सरपण लागणारच असेल तर शेण आणून का घालायचं, असं लोकांना वाटू लागलं. सामान्य कारकिर्दीत गोष्ट इथे संपते. 'सामाजिक अडथळे' या शीर्षकाखाली दोन परिच्छेद लिहून प्रकल्प बंद होतो. हा गट परत गावात गेला आणि लोकांना नेमकं काय हवं आहे ते विचारलं. उत्तर आलं: पिण्याचं चांगलं पाणी आणि घरात उजेड. १९८७च्या सुमारास त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज करायला सुरुवात झाली. विंधन विहिरीचं पाणी घराजवळ आलं, दिवे लागले, आणि शेण पुन्हा येऊ लागलं. गॅस तेवढाच होता. कशासाठी वापरायचा ते बदललं होतं.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात काय नवं? संयंत्र तेच, इंजिन बाजारात मिळणारं. पेपर म्हणून ते फार मोठं ठरणार नाही. पण आजही जगात २ अब्जांहून अधिक लोक धुराच्या चुलीवर स्वयंपाक करतात, आणि त्यांच्यासाठी नव्या चुलींचे आराखडे मांडणारे पेपर ढिगाने आहेत. त्यातले किती जण तीन वर्षांनी त्या घरात परत जाऊन चूल पेटते आहे का, की तिच्यावर डबे ठेवले आहेत, हे पाहून आले? जे गेले त्यांना ठाऊक आहे की उत्तर नेहमी सुखद नसतं. जे गेले नाहीत त्यांची बढती अडली नाही.

भाकितांची गोष्ट याहून गंमतशीर आहे. १९७७ साली ऑस्ट्रियातल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या चेझारे मार्केटी यांनी दाखवलं की लाकूड, कोळसा, तेल, वायू हे एकामागून एक ठरावीक वळणाने चढतात आणि उतरतात. तोवरच्या शंभरेक वर्षांच्या आकडेवारीवर ती वळणं सुरेख बसत होती. त्या हिशेबाने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोळसा जवळजवळ अस्तंगत व्हायला हवा होता. आज जगाच्या प्राथमिक ऊर्जेतला सुमारे चौथा हिस्सा कोळशाचा आहे आणि २०२३ साली त्याचा खप तोवरच्या इतिहासात सर्वाधिक होता. दुसऱ्या बाजूला, सौरऊर्जा किती वाढेल याचे अधिकृत अंदाज वर्षानुवर्षं इतके कमी निघाले की तो एक विनोद होऊन बसला. कोळसा मरेल म्हटलं तर तो मेला नाही, सूर्य रांगेल म्हटलं तर तो धावत सुटला.

चुकणं हा गुन्हा नाही. मार्केटींच्या वळणांनी विचार करायची एक रीत दिली, ती अजून उपयोगी आहे. आक्षेप आहे तो चुकल्यानंतरच्या शांततेला. भाकीत करणारा परत येऊन 'माझं हे गृहीतक चुकलं, या कारणाने' असं लिहीत नाही, कारण तसं लिहिण्याने त्याला मिळत काहीच नाही. मग तपासणी इतरांवर पडते, आणि इतरांनी केलेली तपासणी हल्ल्यासारखी वाटते. स्टॅनफर्डचे मार्क जेकबसन यांनी २०१५ साली सहकाऱ्यांबरोबर, अमेरिका संपूर्णपणे वारा, पाणी आणि सूर्य यांवर चालू शकते, असं मांडलं. २०१७ साली एकवीस संशोधकांनी त्याच जर्नलमध्ये त्यावर टीका केली. जलविद्युत केंद्रांतून एका वेळी किती वीज मिळेल याचं गृहीतक हा तिच्यातला एक मुख्य मुद्दा होता. जेकबसन यांनी मानहानीचा १ कोटी डॉलरचा दावा लावला आणि २०१८च्या फेब्रुवारीत तो मागे घेतला. कोण बरोबर, या वादात मला इथे शिरायचं नाही. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. पण गृहीतकाची चर्चा न्यायालयापर्यंत जाते याचा अर्थ, चूक असण्याची किंमत या पेशात कुणाला परवडेनाशी झाली आहे.

पैशाचाही प्रश्न आहे, पण तो लवकर उरकतो, कारण त्यात फारसं गूढ नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठांतल्या ऊर्जाकेंद्रांचे अहवाल संगणकाकरवी तपासले गेले. ज्या केंद्रांना वायू उद्योगाचा पैसा मिळतो ती नैसर्गिक वायूबद्दल जास्त गोड लिहितात, असं त्यात दिसलं. अशा अहवालातला प्रत्येक लेखक विकला गेलेला असतो असं नव्हे. कुठला प्रश्न विचारायचा हे निधी ठरवतो, एवढं पुरे होतं. आणि परत जाऊन तपासण्यासाठी निधी देणारा उद्योग तर मी पाहिलेला नाही. सरकारंही क्वचितच देतात.

आता खरा आक्षेप. परत परत त्याच गोष्टीकडे जाणं म्हणजे हट्ट नव्हे का? एकाच इंधनावर आयुष्यभर अडून बसलेले, प्रत्येक प्रश्नाला आपलंच यंत्र हे उत्तर देणारे प्राध्यापक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. खरं आहे. पण परत जाणं वेगळं आणि अडून बसणं वेगळं. अडून बसलेला माणूस तिथून हललेलाच नसतो, त्यामुळे त्याला आपली वस्तू बाहेरून कधी दिसत नाही.

जॉन गुडिनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये लिथियम बॅटरीसाठी कोबाल्टचा कॅथोड, म्हणजे धन टोकाचा पदार्थ, शोधला. १९९१ साली सोनीने तो बाजारात आणला. कोबाल्ट महाग आणि मोजक्या ठिकाणी मिळणारा. दरम्यान ऑक्सफर्डची निवृत्तीची सक्ती टाळण्यासाठी गुडिनफ १९८६ साली टेक्ससला गेले होते. तिथे १९९७ साली, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांच्या गटाने लोखंड आणि फॉस्फेटचा स्वस्त कॅथोड मांडला. म्हणजे स्वत:च्याच सगळ्यात यशस्वी शोधाची सगळ्यात मोठी उणीव काढायला ते परत आले. आज विजेवरच्या गाड्यांमधल्या फार मोठ्या हिश्शाच्या बॅटऱ्या त्या लोखंडी जातीच्या आहेत. नोबेल मिळालं २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

व्यवस्था बदलता येते, हेही दिसलेलं आहे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही संपादक-संशोधकांनी जाहीरनामा काढला की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून, माणसाचं मोल ठरवू नका. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाने २०२१ साली नेमणुका आणि बढत्यांतून तो आकडा हद्दपार करायचं जाहीर केलं. विद्यापीठ बुडालं नाही. ऊर्जेच्या क्षेत्रात याच्या एक पाऊल पुढे जायला हरकत नाही: प्रत्येक अर्जात एक पान, 'दहा वर्षांपूर्वीची माझी पाच विधानं आणि त्यांचं आजचं स्वरूप'. प्रकल्पाच्या निधीतला थोडा भाग सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवायचा, पाच वर्षांनी त्या जागी जाऊन मोजण्यासाठी. आणि दुसऱ्याचं प्रारूप (मॉडेल) त्याच्याच गृहीतकांनिशी पुन्हा चालवून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण पीएच.डी., 'यात तुझं नवं काय' असं न विचारता.

अडचण एकच आहे. असं पान पहिल्यांदा भरणारा तरुण मार खाणार. शेजारच्या उमेदवाराच्या अर्जात बारा पेपर आणि याच्या अर्जात तीन चुकलेली विधानं असतील, तर समिती कुणाला घेईल हे उघड आहे. म्हणून सुरुवात ज्यांना आता बढती उरलेली नाही त्यांनी करायची, म्हणजे माझ्यासारख्या निवृत्तांनी.

माझी पाच विधानं काढायला बसलो आहे. पहिलं एका जुन्या पेपरातलं आहे, लहान सौर संचाच्या खर्चाबद्दलचं. 'बॅटरी पाच वर्षं टिकेल', असं मी त्यात धरलं होतं. ते संच ज्या घरांत बसवले त्यांची यादी अजून माझ्या फायलीत आहे. बॅटऱ्या किती टिकल्या हे विचारायला मी एकाही घरी गेलो नाही.